बांबूचा डायपर की साधा? आधी लाली कुठे आहे ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंदूरलाच सुदामा नगरात राहतेस, मुलगी चार महिन्यांची, दिवसा सासूबाई लंगोट बांधतात, रात्री नेहमीची डायपर पँट. मागच्या आठवड्यात तिला खाली लाल झालं आणि तेव्हापासून नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं बांबूच्या डायपरचं पाकीट वापरायचं की नाही यावरून घरात तीन मतं. नवरा म्हणतो इको आहे म्हणजे चांगलंच असणार, दुप्पट महाग पडलं तरी घेऊ, सासूबाई म्हणतात डायपरनं पाय फेंगडे होतात, कुठलाच नको, आणि तुला रात्रीची सलग चार तास झोप हवी आहे. झोप हवी असणं यात काहीच चुकीचं नाही हे आधीच सांगून ठेवते.

मी २६ वर्षं सिस्टर होते, त्यातली बहुतेक एनआयसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, शेवटची काही बाळंतिणींच्या वॉर्डात. आता घरोघरी जाऊन नव्या आयांना आंघोळ, दूध पाजणं, लंगोट-डायपर हे सगळं दाखवते. काकू म्हणून विचारलंस म्हणून तू-तुझं लिहिते.

एनआयसीयूत आम्ही डायपर वजन करतो, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. कोरड्या डायपरवर पेननं त्याचं वजन लिहायचं, ओला झाला की परत काट्यावर ठेवायचा, जितके ग्राम वाढले तितके मिली लघवी, आणि तो आकडा दर वेळी चार्टवर. हजारो डायपर असे हातातून गेलेत, म्हणून डायपर म्हटलं की मला आधी पाकीट नाही दिसत, आत काय शोषलं गेलं आणि बाळाच्या कातडीला किती ओल लागून राहिली हे दिसतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पण तिथूनच सुरू होतं, झाडं आणि पृथ्वी नंतर.

लाली कुठे होती ते तू लिहिलं नाहीस, आणि सगळं त्याच्यावर आहे. पाय वर उचलून उजेडात नीट बघ. जे उंचवटे डायपरला घासतात, म्हणजे कुल्ल्यांचा गोल भाग, मांडीची आतली बाजू, पुढचा फुगीर भाग, तिथेच लाल आणि जांघेच्या घडीत कातडी छान, तर ते ओलीनं आणि शीनं झालेलं आहे. शीमधे पचनाचे एन्झाइम असतात, लघवीनं कातडीचा पीएच वाढला, म्हणजे तिचं आंबटपण कमी झालं, की ते जास्त जोरात काम करतात आणि कातडी सोलल्यासारखी होते. यात डायपर बांबूचा होता की साधा याचा हात फार थोडा, किती वेळ अंगावर राहिला याचा जास्त. घडीच्या आत लालभडक आणि कडेनं बारीक बारीक सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी, कँडिडा, डायपर कितीही बदल, औषधाशिवाय नाही जाणार. आणि जर लाली कमरेच्या इलॅस्टिकखाली पट्ट्यासारखी किंवा मांडीच्या कडेला असेल, जिथे रंगीत छपाई किंवा रबर लागतं नेमकी तिथे, तर मात्र त्या डायपरमधल्या कशाची तरी अॅलर्जी किंवा नुसता घट्टपणा, आणि अशा वेळी कंपनी बदलून खरंच फरक पडतो. हे एवढं बघितलं असतंस तर निम्मा वाद घरातच मिटला असता.

पहिल्या प्रकारात काय करायचं ते पण सांगते कारण बहुतेक तुझं तेच असावं. कोमट पाण्यानं आणि कापसानं धू, मुलगी आहे तर पुसणं नेहमी पुढून मागे, चोळू नको, टिपून कोरडं कर, दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेव, मग झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा थर दे, आपण भाकरीवर लोणी ठेवतो तसा जाड. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही, वरची घाण पुसायची आणि त्याच्यावरच परत लावायचं. पावडर अजिबात नको, ती नाकातोंडात जाते. बेसन-हळद पण त्या जागी नको. आणि मेडिकलवाला "हे लावा, दोन दिवसात साफ" म्हणून जी ट्यूब देतो ती तर बिलकुल नाही, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमधे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, डायपरच्या झाकणाखाली ते स्टेरॉइड कातडीत जास्त शिरतं आणि कातडी पातळ होते. मी अशी बाळं पाहिली आहेत, बघवत नाही. तीन दिवसांत फरक नाही, ताप आला, पू धरलेले फोड दिसले किंवा घडीत ठिपके आले तर सरळ बाळाच्या डॉक्टरांकडे जायचं.

आता डायपर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी एक गोष्ट करून दाखवते, तू पण कर. एक साधा आणि एक बांबूचा डायपर घे, खाली वर्तमानपत्र पसर आणि दोन्ही मधोमध कात्रीनं काप. वरचा कातडीला लागणारा पापुद्रा, त्याखाली ओल पसरवणारा पातळ थर, मग कापसासारखा दिसणारा गाभा, मग खालचं न गळणारं अस्तर. गाभा चिमटीत घेऊन झटक, कागदावर मिठासारखे पांढरे दाणे पडतील. दोन्हींतले दाणे वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन थोडं पाणी घाल. दोन मिनिटांत साबुदाणा भिजल्यासारखे फुगून येतात, बोटानं दाबले तरी पाणी सुटत नाही. हे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, खनिज तेलापासून बनतं, ओल धरून ठेवण्याचं खरं काम हेच करतं. आणि वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या की आयांचा चेहरा बदलतो, कारण दोन्हींत तेच दाणे असतात. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या बांबू, प्लांट-बेस्ड, नॅचरल डायपरमधे हाच पदार्थ आहे, नसला तर तो डायपर रात्रभर टिकणारच नाही. त्याची भीती वाटायचं कारण नाही, त्याचे रेणू एवढे मोठे असतात की कातडीतून आत जात नाहीत, डायपर फाटून अंगाला जेल लागली तर ओल्या कापडानं पुसून टाकायची आणि तोंडात जाऊ द्यायची नाही, बस. पण "आमच्यात केमिकल नाही" असं कोणी पाकिटावर लिहिलं तर या वाटीकडे बघ.

फरक असतो तो वरखालच्या थरांत. साध्यात वरचा पापुद्रा पॉलिप्रॉपिलीनचा आणि खालचं अस्तर पॉलिएथिलीनचं, दोन्ही प्लास्टिक. इकोमधे वरचा पापुद्रा बांबूच्या व्हिस्कोसचा नाहीतर मक्यापासून बनणाऱ्या पीएलए नावाच्या प्लास्टिकचा, खालचं अस्तर कधी पीएलए मिसळलेलं, कधी साधंच प्लास्टिक. बांबूचं व्हिस्कोस म्हणजे बांबू कुटून काढलेला धागा नव्हे बरं का, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवून परत काढलेला तंतू असतो. मऊ असतो हे खरं. पण मऊ कापड ओल धरून ठेवतं आणि प्लास्टिकचा पापुद्रा ओल खाली ढकलून स्वतः कोरडा राहतो, त्यामुळे हाताला जो छान लागतो तोच कातडीला कोरडा ठेवेल असं नाही. इथेच पुष्कळ लोक फसतात.

गाभ्यातला लगदा लाकडाचा असतो, जास्त करून पाइनचा, आणि तो पांढरा कसा केला यात मात्र इको कंपन्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. क्लोरीन वायूनं ब्लीच केलं की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. आता "एलिमेंटल क्लोरीन फ्री" म्हणजे क्लोरीन वायू न वापरता त्याच्या संयुगानं केलेलं, आणि "टोटली क्लोरीन फ्री" म्हणजे क्लोरीनच नाही, ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइडनं केलेलं. दुसरं जास्त चांगलं. फ्रान्सच्या आन्सेस या सरकारी संस्थेनं २०१९च्या जानेवारीत डायपरमधल्या रसायनांवर अहवाल दिला, डायॉक्सिन आणि सुगंधी द्रव्यांवर बोट ठेवलं आणि सुगंध काढून टाका असं कंपन्यांना सांगितलं. आपल्याकडे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंकनं इथल्या बाजारातले डायपर तपासले तेव्हा त्यात थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, निघाली होती. म्हणून काळजी करणं अस्थानी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या काळजीचा उपाय "बांबू" हा शब्द नाही. पाकिटावर सुगंध नाही, लोशन नाही असं स्पष्ट लिहिलंय का, ब्लीचिंग कसं केलं ते सांगितलंय का, घटक दिलेत का, आणि डायपरसाठीचं आपलं भारतीय मानक आयएस १७५०९ आहे त्याचा उल्लेख आहे का, हे वाच. बिनवासाचा साधा डायपर मला वासाच्या बांबू डायपरपेक्षा केव्हाही चालेल.

आता तुझ्या नवऱ्याचा मुद्दा, तो मला महत्त्वाचा वाटतो कारण मनापासून आहे. इंदूरात राहून कचऱ्याचा विचार न करणं अवघडच, २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेऊन बसलेलं शहर आहे, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकल्यावर दुधाचं पातेलं गॅसवर सोडून लोक डबे घेऊन खाली धावतात. पण त्या गाडीलाच विचार. सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, पॅड आणि डायपर त्यात, आणि तो कचरा जाळून नष्ट करायला जातो. तुझा बांबूचा डायपर आणि शेजारणीचा साधा, दोन्ही एकाच कप्प्यात, एकाच भट्टीत. मातीत मिसळणारा म्हणून जे जास्तीचे पैसे मोजले ते मातीपर्यंत पोचतच नाहीत. पीएलए काही तुळशीच्या कुंडीत कुजत नाही, त्याला ६० डिग्रीच्या आसपास तापणारं मोठं कंपोस्ट युनिट लागतं. आणि मेहेरबानी करून पाकिटावर "कंपोस्टेबल" लिहिलंय म्हणून ओल्या कचऱ्यात टाकू नका, आपला ओला कचरा देवगुराडियाच्या, कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, २०२२ साली सुरू झालेला, रोज ५५० टनांचा, तिथे भाजीच्या देठांतून डायपर निवडून काढणारी पण माणसंच असतात. शी आधी संडासात टाकायची, डायपर गुंडाळी करून त्याच्याच चिकटपट्टीनं बंद, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण, मग त्या कप्प्यात. २०१६च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी टाकण्यासाठी पाउच द्यावा असं सांगितलं होतं, पाकिटात पाउच आला असेल तर तोच वापर.

मग पृथ्वीचं नुकसान कुठे होतं? ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीनं हा हिशोब नीट मांडला होता, २००५मधे आणि परत २००८मधे. अडीच वर्षांत एका बाळाच्या डिस्पोजेबल, म्हणजे वापरून टाकायच्या, डायपरमुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड साधारण ५५० किलो, कापडी नॅपीचा ५७०, म्हणजे जवळपास सारखाच, आणि लोकांना फार धक्का बसला होता. पण खाली लिहिलेलं कोणी वाचलं नाही. डिस्पोजेबलमधे बहुतेक नुकसान तो बनवताना होतं, लगदा आणि प्लास्टिक तयार करताना, टाकताना त्यामानानं थोडं. कापडीमधे बहुतेक नुकसान धुण्यावाळवण्याच्या विजेत. दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तीच नॅपी दुसऱ्या बाळाला वापरली तर कापडीचा आकडा २०० किलोनं खाली येतो, ड्रायरमधे वाळवलं तर खूप वर जातो. २०२३मधे तिथे परत हिशोब केला त्यात कापडी २५ टक्क्यांनी सरस निघाली. आता तिथलं ढगाळ आकाश आणि आपली गच्ची, तूच बघ. तुझ्या सासूबाई गार पाण्यात धुऊन माळव्याच्या उन्हात जे लंगोट वाळवतात ना, कुठल्याही बांबू डायपरपेक्षा ते जास्त इको आहेत, आणि घरात हे कोणी त्यांना बोलून दाखवलं नसेल तर तू दाखव.

पाण्याचा प्रश्न मात्र आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी चढवून इथे येतं, खूप भागांत एक दिवसाआड, आणि मधे बोअरिंगचं जड पाणी. जड पाण्यात साबण निघत नाही, लंगोट वाळला की पापडासारखा कडक होतो आणि तोच कातडी खरवडतो. साबण निम्मा कर, शेवटचं पाणी एक वेळ जास्त दे, शक्य असेल तर ते शेवटचं तरी नर्मदेचं. अँटिसेप्टिक लिक्विड शेवटच्या पाण्यात घालायची आपल्याकडे सवय आहे, ती सोड, त्याचा अंश राहतो आणि तोच झोंबतो, ऊन पुरेसं आहे. सॉफ्टनर पण नको, कापड पाणी शोषायचंच बंद करतं. शीचे लंगोट वेगळ्या बादलीत, आधी शी काढून, मग गरम पाण्यात. लंगोटासाठी जुनं धुवट सुती सगळ्यात चांगलं, नसेल तर क्लॉथ मार्केटातून मलमल आणून दोनदा धुऊन मग शिव. बाळंतविड्यात आलेली नायलॉनची चकचकीत चड्डी लंगोटावरून घालत असाल तर आजच काढा, ती ओल शोषत नाही, नुसती कोंडते, त्या चड्डीइतकी रॅश मी कुठल्याच डायपरनं झालेली पाहिली नाही. पावसाळ्यात आठ आठ दिवस वाळत नाही तेव्हा दमट लंगोट बांधण्यापेक्षा डायपर बरा, त्या दिवसांत मनाला लावून घेऊ नको.

सासूबाईंच्या पायांच्या मुद्द्यावर, त्यांना सांग, काकू म्हणाल्या की सगळीच बाळं वाकड्या पायांची जन्मतात, दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात, डायपरनं काही होत नाही. उलट पाय सरळ खेचून दुपट्यात घट्ट गुंडाळणं खुब्याच्या सांध्याला वाईट, पाय बेडकासारखे मोकळे राहिले पाहिजेत.

पैशाचं बोलू. इथे साधी पँट साधारण १०-१२ रुपयाला पडते, बांबूवाली २०-२५ला. रात्रीचे दोनच लागतात धरलं तर महिन्याला सातशेच्या आसपास जास्त. तेवढ्यात दीड-दोन चांगल्या कापडी पॉकेट नॅपी येतात, ज्या वर्षभर चालतील आणि पुढच्या बाळाला पण. त्या घेतल्यास तर आतलं मायक्रोफायबरचं पॅड थेट कातडीला लावू नको, खिशातच घालायचं. आणि महागाचं एक छुपं नुकसान असतं, २५ रुपयांचा डायपर आहे म्हणून आई तो अर्धा तास जास्त ठेवते. मी घरोघरी पाहते. परवडतो म्हणून जो लगेच बदलला जातो तो डायपर बाळाला चांगला.

तुझ्याकडे पाकीट आलंच आहे तर वाया घालवू नको, पण आधी घरीच तपास. लिटरभर पाण्यात ९ ग्राम मीठ विरघळव, साध्या पाण्यानं तपासू नको कारण हे दाणे शुद्ध पाणी शेकडो पट शोषतात आणि लघवीसारखं खारट त्यांना खूप कमी शोषता येतं, जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर जाऊ नको. दोन्ही डायपर पसरून ठेव, एकाच जागी ६० मिली ओत, दहा मिनिटं थांब, परत ६०, परत दहा मिनिटं, परत ६०. मग टिश्यूची घडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून त्या जागी ठेव, वर साखरेचं एक किलोचं पाकीट, एक मिनिटानं टिश्यू परत वजन कर. ज्याच्या टिश्यूचं वजन कमी वाढलं तो रात्रीचा डायपर, मग तो कोणाचाही असो. माझ्या हातून झालेल्या तपासण्यांत बांबूवाला कधी साध्याच्या बरोबरीनं कोरडा निघाला, कधी फार ओला, आणि स्वस्तातल्या एका साध्याचा गाभा गोळा होऊन एकीकडे जमला होता.

मी तुझ्या जागी असते तर दिवसा लंगोट, बाहेर जाताना आणि रात्री या तपासणीत जिंकलेला बिनवासाचा डायपर, झोपताना झिंकचा थर, रात्री नुसती शू असेल तर पाच-सहा तास राहू द्यायचा, शी झाली की मध्यरात्र असली तरी लगेच. सकाळी काढलास की हातात वजन घेऊन बघायची सवय लाव. डायपर वरून कोरडा लागतो त्यामुळे बाळाला शू कमी होत्येय हे आयांच्या लक्षातच येत नाही, लंगोटात ते लगेच कळतं. चोवीस तासांत सहा तरी ओले व्हायला पाहिजेत, आणि आता मे महिना जवळ येतोय, उन्हाळ्यात हे जास्तच बघ.

आज संध्याकाळी उजेड असताना एकदा नीट बघून लिही, लाली उंचवट्यावर आहे, घडीत आहे, की इलॅस्टिकच्या रेषेत. त्यावर पुढचं सांगते.